कोठा, टिन आणि ताटी : वऱ्हाडच्या गारव्याचा इतिहास

१/२५
मे महिन्यातली दुपार. अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या एखाद्या घराच्या कडेला टिनपत्र्याखाली मोटार उभी असते. त्या गॅरेजचे दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर येते. साऱ्या घरात इतकी तापणारी जागा दुसरी नसते. जुन्या वऱ्हाडी घरात याच बाजूला बैलांचा कोठा असे आणि भर दुपारी जनावरांसोबत माणसेही तिथे विसावा घेत. जागा तीच, ऊनही तेच. मग बदलले काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या छपरांच्या इतिहासात दडलेले आहे आणि त्या इतिहासात कापूस आहे, रेल्वे आहे, अकबर आहे आणि पाण्यासाठी झालेला झगडाही आहे.

२/२५
प्रथम भूगोल. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडाची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. समुद्र दूर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा ओलावा इथवर पोहोचत नाही. उन्हाळ्यात रान मोकळे पडते, काळी जमीन भेगाळते आणि आकाशात ढगाचा ठिपका नसतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांचा धाक वऱ्हाडात आजही आहे. पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही इथे बातमी नव्हे, ऋतूची रीत आहे.

३/२५
परंतु याच हवेत एक वरदान लपलेले आहे. ती कोरडी आहे. मुंबईचा घाम वाळत नाही. अकोल्याचा घाम येताक्षणी वाळतो. पाणी वाफ होताना आसपासची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेते. तेवढेच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या हे सहापटींच्या जवळ जाते. म्हणून वऱ्हाडातल्या माणसाकडे उन्हाशी लढण्याची दोन शस्त्रे होती : जड माती आणि उडून जाणारे पाणी. पुढची सारी कथा या दोन शस्त्रांची आहे.

४/२५
पहिले शस्त्र म्हणजे धाबे. सागाच्या किंवा इतर टणक लाकडाच्या तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला, आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती. ही माती शेतातली काळी नसे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. तिचे छप्पर पहिल्याच पावसात गळेल. त्यासाठी लागे ती पांढरी माती. मराठीत ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, हा भेद प्रत्येक जुन्या कागदात भेटतो. ज्या मातीवर गाव वसे, तीच माती घराच्या डोक्यावर चढे. वऱ्हाडातल्या कित्येक गढ्या याच मातीने उभ्या राहिल्या.

५/२५
धाब्याची करामत त्याच्या संथपणात होती. फूटभर जाडीच्या मातीतून उष्णता खाली उतरायला आठ-दहा तास लागतात. दुपारी दोनचे ऊन खोलीत पोहोचायला रात्र उजाडते. तोवर घरातली माणसे अंगणात किंवा थेट धाब्यावर बाजा टाकून निजलेली असत. आकाश निरभ्र असल्याने छप्पर रात्रभर आपली उष्णता वर सोडून देई आणि पहाटेपर्यंत पुन्हा थंड होई. म्हणजे घर थंड ठेवण्याची युक्ती केवळ बांधकामात नव्हती; दिवसा आत आणि रात्री बाहेर, या वेळापत्रकातही ती होती. घर आणि दिनक्रम एकमेकांना धरून चालत.

६/२५
या गारव्याची किंमत मात्र मोजावी लागे. एक चौरस मीटर छपरावर फूटभर माती चढवली तर तिचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो भरते. एका मध्यम खोलीवर सहा-सात टन भार. तो पेलायला जाड लाकूड आणि रुंद भिंती हव्यात. मृगापूर्वी दरवर्षी धाब्यावर नवी माती टाकून ते चोपावे लागे. आत जमिनी सारवण्याचे, अंगणात सडा टाकण्याचे काम घरातल्या बायकांच्या वाट्याला. वाळवी लागली किंवा सलग झड लागली की भिजलेले धाबे बसत असे आणि खाली माणसे सापडत. धाब्याचा गारवा फुकट नव्हता; तो दरवर्षीच्या श्रमावर टिकलेला होता.

७/२५
कोठा मात्र वेगळ्या विचाराने बांधलेला असे. वऱ्हाडीत कोठा म्हणजे गोठा. त्याला धाब्याचा थाट परवडत नसे आणि गरजही नसे. कपाशी वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी, तुरीची तुराटी, ज्वारीचा कडबा, गवत यांचे छप्पर आणि पऱ्हाटीचाच कूड. हे छप्पर उन्हाला अडवी, पण वाऱ्याला अडवीत नसे. काटक्यांच्या थरात अडकलेली हवा उष्णता खाली येऊ देत नसे. तापलेली हवा फटींतून वर निघून जाई. बाजूला बंडी किंवा दमणी उभी असे. निवाऱ्याची ही सर्वांत स्वस्त रीत होती, कारण तिचे सामान शेतातच पिकत होते.

८/२५
दुसरे शस्त्र पाण्याचे आणि त्याचे नाव ताटी. हा शब्द मराठीत जुना आहे. काड्या-कामट्यांचे झापेवजा दार म्हणजे ताटी. रुसून आत बसलेल्या ज्ञानदेवांना मुक्ताबाईने बंद ताटीबाहेरून विनवले, त्या रचना ‘ताटीचे अभंग’ म्हणूनच ओळखल्या जातात. याच ताटीत कामट्यांच्या जोडीला वाळ्याची मुळे विणली आणि तिच्यावर पाणी शिंपडले की दाराचे रूपांतर यंत्रात होते. वाळा, म्हणजे हिंदीतला खस, ओढ्याकाठी वाढणारे उंच गवत. त्याची मुळे लांब, तंतुमय आणि सुगंधी. ओली मुळे, कोरडा वारा आणि पलीकडे सावलीची खोली, एवढ्यावर हे यंत्र चालते.

९/२५
खसच्या पडद्यांचे वर्णन अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. वाळ्याच्या मुळांनी वेढलेल्या कक्षांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात हिवाळा आणण्याचे श्रेय तो आपल्या बादशहाला देतो. दरबारी लेखकाचे ते कौतुक बाजूला ठेवले तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र राजघराण्यात रुळले होते, हे नक्की. याच काळात, १५९६ मध्ये, चांदबिबीशी झालेल्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचीही नोंद आहे : एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, गाविलगड, नरनाळा.

१०/२५
ओली ताटी नेमके किती काम करते? हवा ४४ अंश तापलेली आणि तिच्यात सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती अधिकांत अधिक सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षातली ताटी तिथवर पोहोचत नाही. पण चांगली भिजलेली असेल तर २८ ते ३० अंशांची हवा आत येते. चौदा-पंधरा अंशांचा हा फरक गवताच्या मुळांनी आणि बादलीभर पाण्याने साधतो. अट एकच : आलेल्या हवेला समोरून बाहेर जायला वाट हवी. नाहीतर खोलीतला ओलावा वाढत जातो आणि गारव्याऐवजी घुसमट उरते.

११/२५
सत्ताधाऱ्यांनी हेच तत्त्व दगडात बांधले. अचलपूरजवळचा हौज कटोरा पाहावा. तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी, मजलेदार मनोरा. इमादशाहीने १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडवर राज्य केले. अचलपूर हे तिचे मोठे केंद्र. पाण्यावरून येणारा वारा चहूबाजूंच्या कमानींतून आत शिरावा, अशी ही रचना आहे. एक संपूर्ण तलावच इथे ताटीचे काम करतो. फरक एवढाच की शेतकऱ्याची ताटी घागरभर पाण्यावर चाले, आणि दरबाराला गारव्यासाठी तलाव लागे.

१२/२५
१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. इंग्रज अधिकारी आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना हा मुलूख कळला. त्यांचे एक उत्तर म्हणजे पळ. गाविलगडाच्या डोंगरातले चिखलदरा १८२३ मध्येच कॅप्टन रॉबिन्सन या हैदराबादच्या फौजेतल्या अधिकाऱ्याच्या नजरेत भरले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे साहेबांची उन्हाळी बिऱ्हाडे तिकडे चढू लागली. जे चढू शकत नव्हते, ते खालीच राहिले.

१३/२५
दुसरे उत्तर म्हणजे बंगला. अमरावतीच्या जुन्या शहराभोवती निजाम सरकारने १८०७ मध्ये पेंढाऱ्यांपासून बचावासाठी परकोट उभारायला घेतला होता. त्याच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत घरेच एकमेकांवर सावली धरीत. इंग्रजांनी शहराबाहेर मोकळ्यावर वस्ती केली; तो भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखला जातो. उंच छत, छताजवळ झरोके, चारी बाजूंनी व्हरांडा. भिंतीवर ऊन पडूच द्यायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व. वाड्याने गर्दीतून सावली मिळवली, बंगल्याने मोकळ्या जागेतून. दुसरी रीत अर्थातच ज्याच्याजवळ जमीन भरपूर, त्यालाच परवडणारी.

१४/२५
बंगल्यात छताला टांगलेला कापडी पंखा असे आणि त्याची दोरी बाहेर बसलेल्या माणसाच्या हाती. दिवस-रात्र ती ओढत राहायची. पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त घाम वाळवतो. साहेबाच्या झोपेसाठी एका माणसाने जागायचे, असा हा व्यवहार होता. ओढणाऱ्याला डुलकी लागली म्हणून त्याला मारहाण झाल्याची, कधी त्यात जीव गेल्याचीही प्रकरणे ब्रिटिश हिंदुस्थानात न्यायालयांपर्यंत गेली आणि आरोपी गोऱ्यांना किरकोळ शिक्षा झाल्याने देशी वृत्तपत्रे खवळली. गारव्याचा इतिहास लिहिताना दोरीचे दुसरे टोक विसरून चालत नाही.

१५/२५
१८३० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानातल्या इंग्रजांत आणखी एक यंत्र रूढ झाले. नाव भारदस्त होते, ‘थर्मँटिडोट’, म्हणजे उष्णतेवरचा उतारा. रचना मात्र साधी. धान्य उफणण्याचे पात्यांचे यंत्र खिडकीला लावायचे, त्याला ओल्या खसताट्यांनी मढवायचे आणि बाहेरून हाताने फिरवायचे. वारा पडला असला तरी ओल्या ताटीतून हवा आत ढकलली जाई. पेटी, पाती, ताटी आणि पाणी : आजच्या कूलरचे चारही भाग यात हजर होते. एकच गोष्ट बदलायची उरली होती. पाती फिरवणाऱ्या हाताच्या जागी विजेची मोटर यायची होती.

१६/२५
आता कथेत टिन येते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अकोला आणि बडनेरा ही तिची स्थानके. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावचा रेल्वेफाटा खुला केला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण खरी वाटावी, असे ते दिवस. गाड्या कापूस घेऊन जात आणि परतताना विलायती माल आणीत. त्या मालात नागमोडी लोखंडी पत्रा होता.

१७/२५
नागमोडी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोद्यांवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये घेतले. १८३७ मध्ये फ्रान्समधल्या सोरेलने जस्ताच्या मुलाम्याची रीत काढली आणि पत्र्याचे गंजणे आटोक्यात आले. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना असेच छप्पर हवे होते. रुईच्या ढिगावर गवताचे छप्पर म्हणजे आगीला आमंत्रण. एक चौरस मीटर पत्र्याचे वजन पाच किलोच्या आसपास, म्हणजे धाब्याच्या शंभरावा हिस्सा. सडपातळ खांबांवर लांबच लांब गोदाम उभे राहू लागले. कारखान्यातून हा पत्रा हळूहळू बाजारपेठेत, शाळेत, घराच्या पडवीत आणि अखेर कोठ्यावर आला.

१८/२५
लोकांनी तो आनंदाने स्वीकारला, हे लक्षात घेतले पाहिजे. टिन गळत नाही, पेटत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दरवर्षी माती टाकण्याची, कडबा बदलण्याची कटकट संपते. दोन माणसे सकाळी चढली तर दुपारपर्यंत छप्पर तयार. धाब्याच्या श्रमातून सुटका झाली, ती सर्वांत आधी सारवणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हातांची. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली गाडली गेली. हलक्या छपराचे मोल त्या पहाटे सर्वांना कळले. टिनावर टीका करताना हा हिशेबही मांडावा लागतो.

१९/२५
मग टिन इतके का तापते? पत्रा पातळ आहे. त्याच्यात उष्णता साठवून ठेवण्याची ताकद नाही. धाबे आठ तास घेते, टिन काही मिनिटे. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. जस्ताचा चकचकीत पत्रा थोडे ऊन परत फेकतो खरा, पण शोषलेली उष्णता प्रारणाने बाहेर टाकण्यात तो फार कंजूष असतो. त्यामुळे तो साठ-सत्तर अंशांपर्यंत चढतो. जुना होऊन काळवंडला की आणखी ऊन पितो. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर तो शेगडीसारखा ओततो. आतली हवा तापते आणि तिला वर निसटायला फट नसते.

२०/२५
विसाव्या शतकात वऱ्हाडच्या रस्त्यांवर मोटारी आल्या. ‘गॅरेज’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आला. त्याच्या मुळाशी आसरा देण्याचा अर्थ आहे. शहरातल्या घरांतून बैल गेले, बंडी गेली, आणि कोठ्याची मोकळी जागा मोटारीला मिळाली. परंतु मोटारीसाठी शटर हवे, भिंत हवी, कुलूप हवे. कूड पडला, विटा चढल्या. कडबा गेला, टिन आले. कोठ्याचे दोन्ही गुण, वाहता वारा आणि जाड पोकळ सावली, एकाच दुरुस्तीत हरवले. पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

२१/२५
याच शतकात ताटीने मात्र पुनर्जन्म घेतला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात लाकडाच्या बारीक काथ्यातून पाणी झिरपवून पंख्याने हवा ओढणारे कूलर बनू लागले. हवामान वऱ्हाडसारखेच कोरडे, म्हणून उपायही तोच सुचला. शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या पेटीतला कूलर विदर्भातल्या घराघरांच्या खिडक्यांवर दिसू लागला. त्याच्या तीन बाजूंना लावतात त्या जाळीबंद चौकटींना इथला माणूस आजही ‘ताट्या’च म्हणतो. उन्हाळा लागला की बाजारात ताट्या बदलण्याची लगबग उडते. कापडी पंखा गेला, दोरी गेली, शब्द राहिला.

२२/२५
पण ताटीला पाणी लागते आणि वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न सरळ नाही. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. तिथले भूजल खारे. ते कूलरमध्ये घातले तर पाणी उडून जाते आणि क्षार ताटीवर साचतात. थोड्याच दिवसांत ती दगडासारखी कडक होते व हवा अडते. गोडे पाणी लांबून आणायचे, तर ते आधी पिण्याला. अकोल्याची भिस्त काटेपूर्णा धरणावर, अमरावतीची ऊर्ध्व वर्धा प्रकल्पावर. मे महिन्यात गारवा आणि तहान एकाच टाकीवर येऊन उभे राहतात.

२३/२५
शंभर वर्षांपूर्वी तर पाण्यापाशी पोहोचणे हाच संघर्ष होता. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला; त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला आणि डॉ. पंजाबराव देशमुख त्याच्या पाठीशी राहिले. दशकाच्या अखेरीस जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी तहानलेल्याला पाणी देणे हाच धर्म सांगितला आणि गोरगरिबांच्या सावलीसाठी धर्मशाळा बांधवल्या. ज्याला विहिरीवर घागर भरू दिली जात नव्हती, त्याच्या दाराला ओली ताटी कुठून येणार?

२४/२५
आज गारव्याचे बिल विजेच्या मीटरवर येते. अकोला जिल्ह्यात मन नदीकाठी पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. तेही कोळसा जाळते आणि स्वतःला थंड ठेवायला पाणी वापरते. म्हणजे फिरून पाणीच. म्हणून जुन्या रीतींकडे पुन्हा पाहिले जात आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याची मोहीम त्याला जोडली. गॅरेजलाही हाच धडा लागू पडतो : टिनावर चुना किंवा पांढरा रंग, टिनाच्या वर हातभर अंतर सोडून पऱ्हाटीचा वा हिरव्या जाळीचा मांडव, आढ्याजवळ गरम हवेला वाट, पश्चिमेला कडुनिंब. ओली ताटी सर्वांत शेवटी, कारण ती पाणी मागते. पावसाळी दमट हवेत तर तिचा उपयोगही नाही.

२५/२५
मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले. दंगलीसाठी वापरायचे कलम उन्हासाठी वापरले गेले. खासगी शिकवण्या सकाळी दहा ते सायंकाळी पाच बंद. मजुरांना पिण्याचे पाणी व पंख्यांची सोय देणे बंधनकारक. हा आदेश ज्यांच्यासाठी होता, त्यांपैकी कित्येक जण टिनाखालीच शिकतात आणि राबतात. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये आज केवळ मोटार नसते. कुठे शिलाई मशीन असते, कुठे दुचाकी दुरुस्तीचे दुकान, कुठे दहावीची शिकवणी. धाब्याचा गारवा माती वाहणाऱ्यांनी दिला, बंगल्याचा दोरी ओढणाऱ्यांनी, कूलरचा धरणाने आणि कोळशाने. टिनाने श्रम वाचवले, पण उष्णतेचा भार उचलून तो खाली बसलेल्या माणसावर ठेवला. वऱ्हाडात पुढचे छप्पर घालताना पत्र्याच्या भावाआधी त्याखाली दुपारी कोण बसणार आहे, हे विचारले जाणे अगत्याचे आहे.